आजूर, दै, बहमन

स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात एक जाडजूड अंक पडून आहे. मुखपृष्ठावर आयएसएसएन नंबर नियतकालिकाच्या नावापेक्षा ठळक, त्याखाली इम्पॅक्ट फॅक्टर, त्याखाली ‘आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, संदर्भित’. आत दीडशेच्या वर निबंध. शेळीपालनापासून नवकवितेपर्यंत सगळं एका बाइंडिंगमध्ये. त्यात माझाही एक आहे, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांवर. त्याचं पहिलं पान ठीक आहे. पुढे मात्र जुन्या फॉन्टातला माझा मजकूर युनिकोडमध्ये नेताना फिसकटला, आणि उमरखेडचा कॅम्प, करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले, शिंदीची झाडं तोडण्याची मोहीम, सगळं टक्के, कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत गेलं. सव्वादोन पानं! शेवटची संदर्भसूची तेवढी पुन्हा शुद्ध मराठीत, कारण ती मी वेगळ्या फाइलमध्ये मागाहून पाठवली होती.

हे मला तीन वर्षांनी कळलं. पदोन्नतीची फाइल लावत होतो तेव्हा झेरॉक्सवाल्या पोरानं विचारलं, “सर, हे असंच काढायचं का?” म्हणजे त्या निबंधाचा पहिला वाचक परभणीच्या स्टेशन रोडवरचा झेरॉक्सवाला. संपादकानं वाचला नव्हता, परीक्षक म्हणून ज्यांची नावं आत छापलीत त्यांनी वाचला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, छापून आल्यावर मीही उघडून पाहिला नव्हता. अनुक्रमणिकेत नाव बघितलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. गुण मात्र मिळाले. फाइल तपासणाऱ्यांनीही पान उलटलं नव्हतं.

त्या काळात आम्ही सगळेच धावत होतो. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआय आणला आणि निबंधाला गुण चिकटले. मग परिषदा सुरू झाल्या. सकाळी नोंदणी, दुपारी पुरीभाजी, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि नोंदणीच्या पैशातच विशेषांकात छपाई. २०१७ मध्ये यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. वर्षभरात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीचं शवविच्छेदन मांडलं. विद्यापीठांच्या शिफारशीनं आत आलेली हजारावर नावं त्यांनी तपासली, त्यातली ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली. २ मे २०१८ ला यूजीसीनं एका फटक्यात ४,३०५ नावं उडवली. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये सुतक पडल्यासारखं होतं. पुढे १४ जून २०१९ पासून केअर यादी आली, पुण्याच्या विद्यापीठात तिचं काम चालायचं. ‘केअरला आहे का?’ एवढा एकच प्रश्न मग सहा वर्षं पुरला. नियतकालिकाचा विषय काय, संपादक कोण, कोणी विचारायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि आता संस्थांनी, प्राध्यापकांनी आपापलं बघून घ्यावं म्हणून काही निकष सुचवले.

आमचे एक स्नेही इथल्या कृषी विद्यापीठात आहेत. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्याकडे नासचं रेटिंग असतं, दरवर्षी निघतं, आकडा बघायचा नि पाठवायचं. तुमच्या इतिहासाला नास नाही का?” नाही. ज्वारीच्या वाणाची चाचणी परभणीत घेतली काय नि राहुरीला घेतली काय, मोजमाप एकच. जिंतूर तालुक्यातल्या एका नाक्याचा हिशेब बरोबर वाचलाय की नाही हे सांगणारी माणसं मात्र साऱ्या महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकी.

तो हिशेबच माझ्या या सगळ्या खटाटोपाचं कारण. एका सहकाऱ्याच्या मामांचा जिंतूर तालुक्यात माळवदाचा वाडा आहे. वाडा म्हणायचा म्हणून, निम्मं माळवद बसलंय. देवळीच्या मागच्या फडताळात त्यांच्या आजोबांच्या वेळचे कागद लाल कापडात बांधलेले. त्यात मोडीतली देण्याघेण्याची टिपणं होती, आणि एक उर्दू वही: करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरच्या वसुलीची नक्कल. जिंतूरच्या पलीकडे लोणार, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी कारभार. कापूस, गूळ, कापड, जे काही हद्द ओलांडेल त्याची नोंद. मला उर्दू अडखळत येतं, पण शिकस्त्यात लिहिलेले आकडे माझ्या बापालाही वाचता आले नसते. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिली. आम्ही त्यांना मास्टरसाहब म्हणतो. चार रविवार ते माझ्याबरोबर एसटीनं आले, पाचव्या रविवारी म्हणाले, “वही घरी आणा, आता कंबर साथ देत नाही.”

वहीवर सन १३१८. शेजारच्या दोन जुन्या कागदांवर १३१५ आणि १३१६, त्यांत वसुली किरकोळ; १३१८ ला ती एकदम उसळलेली. मी हिजरी सन धरला, कोष्टक काढलं: १३१८ म्हणजे १९००–०१. आणि माझ्या डोक्यात दिवाच पेटला! हैदराबाद–मनमाड मीटरगेज लाइन याच सुमारास परभणीवरून धावू लागली. रेल्वे आली, बाजार हलला, नाक्याची वसुली वाढली. अकरा पानांचा निबंध आठवड्यात लिहून झाला. शीर्षकात रेल्वे, गोषवाऱ्यात रेल्वे, निष्कर्षात रेल्वे.

आता तो पाठवायचा कुठे? यादी नव्हती. पहिल्यांदाच मला नियतकालिक निवडायचं होतं, आणि ते कसं निवडतात हे वीस वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दोन-तीन निमंत्रणं येतातच. त्यातलं एक बघून मी चमकलो. एका जुन्या, ज्याचं नाव आमच्या गुरुजींच्या तोंडी आदरानं यायचं अशा त्रैमासिकाचं नाव, त्याचाच खरा आयएसएसएन, आणि खाली ‘प्रादेशिक इतिहास विशेषांक, २४ तासांत स्वीकृती, शुल्क रुपये २,५००’. वेबसाइट चकचकीत. आयएसएसएन तपासायची एक युक्ती मला ठाऊक होती. पहिल्या सात आकड्यांना क्रमानं ८, ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं, बाकी ११ मधून वजा केली की आठवा आकडा आला पाहिजे. दहा आले तर तिथे एक्स असतो, बाकीच उरली नाही तर शून्य. एसटीच्या तिकिटामागे हा हिशेब करून मी मागे एकदा एक बनावट नंबर पकडलाय आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. इथे नंबर बरोबर निघाला. निघणारच, चोरलेला होता. तसंही हा नंबर दिल्लीच्या केंद्रातून फुकट मिळतो आणि तो ओळखपत्रासारखा आहे. त्यावरून माणूस कोण ते कळतं, चारित्र्याचा दाखला तो नव्हे. आमच्याकडे मात्र तो मुखपृष्ठावर कुंकवासारखा लावतात.

शेवटी जुना अंक शोधला, त्यावरच्या पत्त्यावरून कार्यालयाचा फोन मिळवला. पलीकडून एक वयस्कर आवाज, मागे पंखा खडखडतोय. मी वेबसाइटचं विचारलं. “आमची वेबसाइटच नाही हो. वर्गणीदारांना अंक पोस्टानं जातो. तुम्ही या महिन्यातले पाचवे फोन करणारे.” ज्या नियतकालिकांचं इंटरनेटवर काहीच नाही, त्यांचीच नक्कल सोपी. केअरवाल्यांना अशा तोतयांची वेगळी यादी काढावी लागली होती. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया पेशवाईत गाजला, आता त्रैमासिकांचे निघालेत.

मग ठरवलं, अंक हातात घेतल्याशिवाय पाठवायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीच्या गाडीनं संभाजीनगर आणि पुढे पुणे केलं. ग्रंथालयात बसून भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं ‘संशोधक’, मुंबईची ‘मराठी संशोधन पत्रिका’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, जे मिळेल ते चाळलं. सुरुवातीला मी मुखपृष्ठ, संपादक मंडळ असं बघत होतो. संध्याकाळपर्यंत हात आपोआप अंकाच्या शेवटाकडे जायला लागला. तळटिपा आधी. ‘दप्तर अमुक, रुमाल अमुक’ असं लिहिलेलं दिसलं की बरं वाटायचं, कारण मग कोणीही जाऊन तो रुमाल सोडून बघू शकतो. ‘स्थानिक लोकांच्या मते’ असं दिसलं की पान उलटायचं. मग शुद्धिपत्र. ज्या नियतकालिकात गेल्या दहा वर्षांत एकही शुद्धिपत्र नाही ते एकतर देवानं चालवलंय नाहीतर कोणीच वाचत नाही. मग मागच्या अंकातल्या लेखाला या अंकात कोणी उत्तर दिलंय का, आणि पुस्तक परीक्षणात एखाद्यानं पुस्तक आवडलं नाही असं स्पष्ट लिहिलंय का. प्रादेशिक इतिहासात सगळे एकमेकांचे पाहुणे, एकमेकांच्या परिषदांचे बीजभाषक. तिथे नापसंती छापायला छाती लागते.

मंडळाच्या त्रैमासिकाच्या जुन्या खंडात परभणीचं नाव सापडलं तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. परभणीचा ताम्रपट. शके ८८८, म्हणजे इसवी सन ९६६. वेमुलवाड्याच्या चालुक्यांपैकी अरिकेसरी या मांडलिकानं शुभधाम जिनालयासाठी सोमदेवसूरीला गाव दिल्याचा लेख. हा सोमदेव म्हणजे शके ८८१ मध्ये ‘यशस्तिलक’ पुरं करणारा. तांब्याचे ते पत्रे परभणीत मिळाले, वाचन पुण्यात छापलं गेलं, आसामातल्या कृष्णकांत हांडिकींनी त्याचा उपयोग ‘यशस्तिलक’वरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात केला, आणि तो ग्रंथ १९४९ मध्ये निघाला सोलापुरातून. सोमदेवावर कोणी लिहायला बसला की परभणीला यावंच लागतं. त्या लेखाला इम्पॅक्ट फॅक्टर काय होता? (खरा इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्या कंपनीनं मानव्यविद्यांच्या नियतकालिकांना तो द्यायला सुरुवातच २०२३ मध्ये केली. त्याआधी ज्या ज्या मराठी मुखपृष्ठावर मी ‘५.३’, ‘७.१’ बघितलंय ते आकडे कुठल्या झाडाला लागले होते देव जाणे.)

आणखी एक कसोटी मी मनाशी धरली, ती पाथरीची. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थळावरून पाथरी आणि शिर्डी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, मुख्यमंत्र्यांनी पाथरीसाठी शंभर कोटी जाहीर केल्यावर शिर्डी बंद झाली. पाथरीच्या इतिहासात गावाला मिरवायला आवडेल असं बरंच आहे. निजामशाही घराण्याचं मूळ पाथरीच्या कुळकर्ण्यांत सांगितलं जातं, आणि त्या गावावरून निजामशाही नि इमादशाही लढल्या. कोणी ‘पाथरीचा गौरवशाली वारसा’ असा लेख पाठवला तर संपादक काय करतो? जशाचा तसा छापतो, का विचारतो की हे फिरिश्त्यानं लिहिलंय तर कुठे, आणि त्याला सांगणारा कोण? मी दोन नियतकालिकांच्या संपादकांना फोनवर सहज म्हणून असं विचारलं. एक म्हणाले, “पाठवा ना, पाथरी चालते आता.” दुसऱ्यांनी उलट मलाच विचारलं, “तुम्हाला फारसी येतं का?”

दुसऱ्यांकडे पाठवला. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या त्यांच्या नावानंही वेबसाइट निघायची. स्पीडपोस्टानं दोन प्रती, वहीच्या तीन पानांचे फोटो. शुल्क नाही, वर्गणी मात्र भरावी अशी विनंती.

साडेचार महिने काही नाही. प्राचार्यांनी दोनदा विचारलं. मग एक पाकीट आलं. परीक्षकाचं नाव झाकलेलं, पण टिपण हाताचं, निळ्या शाईचं, दोन पानी. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की साधन महत्त्वाचं आहे, छापलं जावं. दुसऱ्या ओळीपासून माझी अकरा पानं कोसळायला लागली. परीक्षकानं मी जोडलेल्या फोटोंतली एकच जागा दाखवली होती. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर महिन्याचं नाव आहे, ते लेखकानं उतरून घेतलंय पण वाचलेलं नाही. आजूर, दै, बहमन. हे हिजरी महिने नव्हेत. हिजरी असते तर मोहरम, सफर, रबीउल अव्वल असं दिसलं असतं. निजामाच्या महसुली कारभारात फसली सन चालायचा, त्याचे महिने इराणी, वर्ष आजूरपासून म्हणजे ६ ऑक्टोबरपासून. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन. १३१८ फसली म्हणजे १९०८–०९.

आठ वर्षं. माझी रेल्वे आठ वर्षं आधीच निघून गेली होती.

मी मास्टरसाहबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून माझा निबंध पहिल्यांदाच पाहिला आणि कपाळावर हात मारला. “अहो, मी तुम्हाला आजूर वाचून दाखवलं होतं की! तुम्ही म्हणालात, महिना सोडा, रक्कम सांगा.” म्हणालो होतो खरं. इतिहास शिकवणारा माणूस, परभणीत जन्मलेला, ज्याच्या आज्याच्या जमिनीच्या कागदावर फसली सन आहे, त्यानं कोष्टकात हिजरीचा रकाना बघितला, कारण त्या रकान्यात रेल्वे होती. निष्कर्ष आधी ठरला की तारखा आपोआप सोयीच्या होतात.

सप्टेंबर २०२३ नंतर तर याच सनांवरून आमच्याकडे घराघरांत बोलणं चाललेलं. निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मास्टरसाहबांच्या ओसरीवर लोक खासरा पत्रकाच्या झेरॉक्स घेऊन बसायचे. म्हातारे सगळ्यांना आधी हेच विचारायचे, “सन फसली का हिजरी?” आणि मी तिथेच बाजूला चहा पीत बसलेला असायचो.

तो विशेषांकवाला असता तर रेल्वे छापून आली असती. चोवीस तासांत. पुढे कोणी पीएच.डी.चा विद्यार्थी ती उचलता, त्याच्यावरून दुसरा उचलता, आणि दहा वर्षांनी जिल्ह्याच्या इतिहासात ‘रेल्वेमुळे जिंतूरचा व्यापार वाढला, पुरावा उपलब्ध आहे’ हे पक्कं झालं असतं. अशा किती रेल्वेगाड्या आमच्या पुस्तकांतून धावतायत कोण जाणे. माझ्या त्या सरहद्द कॅम्पवाल्या निबंधाचं एक बरं झालं, तो कोणालाच वाचता येत नाही, त्यामुळे त्यातून चूक पसरण्याची भीती नाही.

निबंध मी पुन्हा लिहिला. रेल्वे काढली, निष्कर्ष काढला, अकराची सहा पानं झाली. वसुली १९०८–०९ मध्ये का वाढली ते मला सापडलेलं नाही आणि तसं लिहून टाकलं. बाकी वहीचं वर्णन, नोंदी, महिने, रकमा. शीर्षक साधं केलं. परीक्षकानं आणखी एक मागणी केली होती: वहीच्या पहिल्या पानाचा, शिक्का दिसेल असा, स्पष्ट फोटो. त्यासाठी मागच्या महिन्यात पुन्हा जिंतूरकडे गेलो.

मामा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. वही त्यांनी या वेळी लाल कापडाऐवजी स्वच्छ पांढऱ्या धोतरात बांधलेली. मी खिडकीपाशी नेऊन फोटो काढले, शिक्का अर्धा पुसलाय, उन्हात तिरका धरला तेव्हा उमटला.

“छापून आलं का न्हाई सर मग ते?” मामांनी विचारलं.

“न्हाई मामा. अजून वाचायलेत.”

“वरीस झालं की.”

“हो. एकदा वाचून परत पाठवलं, आता पुन्हा वाचायलेत.”

मामांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, उठले, आत गेले. फडताळ करकरलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक गाठोडं होतं, पहिल्यापेक्षा मोठं, वर कोळ्याचं जाळं. ते माझ्यापुढे ठेवत म्हणाले, “मग हेबी द्या त्यायला. अन् ते धोतर तेवढं वापस आणा.”